शाहिराचे देणे कोणी फेडावयाचे?

गावच्या लोहाराने फाळ पाजवून दिला, सुताराने औत भरून दिले, चांभाराने मोट शिवून दिली, म्हणजे सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचे माप निघत असे. बलुत्याच्या त्या चालीत जुलूम होता, अपमान होता. तिचे गोडवे गाण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु ज्याने काम केले त्याचे आपण काही देणे लागतो, एवढी गोष्ट तरी त्या काळचा अडाणी म्हणविला जाणारा कुणबी समजून होता. आता आम्ही वाचकांस असे विचारतो की, ज्याने फाळ नव्हे तर तुमची बुद्धी पाजवून दिली, त्या गाणाऱ्याचे माप कोणत्या खळ्यावर निघाले? टाळ्या पुष्कळ पडल्या, यात शंका नाही. पण टाळीने चूल पेटत नाही, आणि टाळीचा आवाज दुसऱ्या दिवशी कोणाच्या कानातही राहात नाही.

हा प्रश्न आम्ही हवेत विचारीत नाही. एका माणसाचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवून विचारीत आहो. त्याचे नाव वामनदादा कर्डक. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचे लहानसे गाव आहे. पावसाची नेहमी ओढ, जिराईत जमीन, आणि महारवाड्याच्या वाट्याला तीही पुरेशी नाही. अशा ठिकाणी १५ ऑगस्ट १९२२ रोजी हा मुलगा जन्मास आला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पोटासाठी मुंबईस गेला. कोळसा उचलला, खडी फोडली, आइसफ्रूट विकले, गिरणीतही काम केले. ज्याच्या गाण्यांवर पुढे हजारो माणसे रात्ररात्र बसून राहिली, त्याची उमेदवारी अशी घमेल्याखाली झाली. कोणत्या संगीतशाळेचा दाखला त्याच्यापाशी नव्हता.

त्याच्या अक्षरओळखीची हकिकत आमच्या प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे. चाळीतील एका माणसाने त्याच्या हाती पत्र देऊन वाचून दाखविण्यास सांगितले. जवान माणूस, अंगापिंडाने धडधाकट, परंतु पत्रातील एक अक्षर कळेना. ती लाज त्याच्या मनास अशी झोंबली की, त्याने एका मास्तरांपाशी बाराखडी गिरविण्यास आरंभ केला. आणि बाराखडी आल्यावर रस्त्याने जाता येता दुकानांवरच्या पाट्या वाचून जोडाक्षरे आपली आपण जुळविली. मुंबईचा बाजार हीच त्याची पाठशाळा आणि दुकानाची पाटी हेच त्याचे क्रमिक पुस्तक. ज्यांच्या पूर्वजांस अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांच्यातला एक माणूस भर रस्त्यात उभा राहून अक्षरे हस्तगत करतो, ही गोष्ट एखाद्या किल्ल्याच्या लढाईपेक्षा कमी आहे असे आम्हांस वाटत नाही. पुढे १९४३ साली त्याने पहिले गीत जुळविले. ते एका हिंदी बोलपटातील गाण्याच्या चालीवर केलेले विडंबन होते. तेव्हापासून १५ मे २००४ रोजी त्याचा देह पडेपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, गाणे लिहिणे आणि गाणे म्हणणे हाच त्याचा धंदा, हेच त्याचे व्रत.

आता या माणसाच्या गळ्यात हे गाणे आले कोठून, याचा विचार करू. काही मंडळी म्हणतात की, ही ईश्वरी देणगी. आमचे म्हणणे असे की, ईश्वरास मध्ये आणण्याचे कारण नाही. देणगी दिली ती माणसांनी, आणि ती माणसे तुमच्याच घरातील आहेत. ज्यास वाचता येत नाही तो सर्व काही कानात साठवितो. त्याचा कान हीच त्याची पेटी, तीच त्याची वही. खेड्यातल्या मुलाच्या कानात सर्वांआधी जात्याची घरघर आणि तीवर चाललेली बायांची ओवी पडते. मग शिमग्या-जत्रेत ढोलकीचा ठेका आणि हलगीचा कडकडाट पडतो, भजनातले टाळ पडतात, तमाशातल्या सोंगाड्याचा हजरजबाब पडतो. या कोणत्याही विद्येची फी लागत नाही. ती वाऱ्यावरून येते आणि पोराच्या अंगात मुरते.

ही वाद्ये तरी पाहा. तुणतुणे म्हणजे काय? एक पोकळ लाकडी पिंप, त्याच्या बुडाला कातडे, बाजूला वेळूची काठी आणि तिला ताणलेली एक तार. लाकूड सुताराच्या हातचे, कातडे कमावणारा चर्मकार किंवा ढोर, तार ओढणारा आणखी कोणी. ढोलकीचे खोड कोणी कोरले, पान कोणी मढविले, वादी कोणी ताणली? एका बारीच्या मागे गावच्या निम्म्या कारागिरांचे हात उभे असतात. कारागीर बंधूंनी हे विसरू नये की, ज्यास विद्वान लोक 'लोककला' असे म्हणून मोकळे होतात, ती मुळात त्यांच्या हातची वस्तू आहे.

दुसरा संस्कार जलशाचा. आणि येथे आमच्या वाचकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. जोतीराव फुले यांनी १८६९ साली छत्रपती शिवाजी महाराजांवर पवाडा छापला आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. शेतकऱ्यास पोथी वाचता येत नाही, पण पवाडा ऐकता येतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या मागून आलेल्या सत्यशोधकांनी तमाशाचाच सांगाडा घेऊन जलसा उभा केला. गण, गवळण, बतावणी, वग ही अंगे तीच; पण आतला माल बदलला. गणात सोंडेच्या देवाऐवजी 'गणांचा पती तो लोकांचा नायक' असा अर्थ आला. गवळणीतील छेडछाड जाऊन तेथे सवालजबाब आला. वगात राजाराणीच्या जागी सावकार, कर्जाचा कागद, लग्नाचा उधळा खर्च, दारूची बाटली आणि शाळेत न घातलेले पोर अशी पात्रे येऊन उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांतील कितीतरी गावांनी आपला पहिला धडा या जलशांत घेतला.

याच झाडाला पुढे आंबेडकरी जलशाची फांदी फुटली. नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांनी असा जलसा उभा करून गावोगाव फिरविला. त्या जिल्ह्याची हवाच त्या वेळी तापलेली होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉक्टर आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशा अर्थाची घोषणा केली. पहिल्या प्रसंगी वामन सात वर्षांचा होता, दुसऱ्या प्रसंगी तेरा वर्षांचा. ज्या पोराचे बालपण अशा बातम्यांच्या आणि अशा जलशांच्या मुलखात गेले, त्याच्या गाण्यात लाचारी कोठून येणार? पुढे मुंबईस तो समता सैनिक दलात गेला, तेव्हा त्याच्या शब्दास शिस्त आणि दिशा मिळाली.

तिसरा संस्कार मुंबईच्या कामगारवस्तीचा. तेथे कोकणातला नमनवाला, देशावरचा तमासगीर, खानदेशातला भजनी आणि शेजारचा मुसलमान कव्वाल एकाच गल्लीत राहात. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले ते याच मुंबईत. कव्वालीची मांडणी मोठी कामाची असते. एक ओळ धरावयाची, ती पुन्हा पुन्हा उचलावयाची, मागून झीलकऱ्यांनी ती झेलावयाची, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती पक्की बसली म्हणजे मग नवा दाखला पुढे टाकावयाचा. आंबेडकरी गायनपार्टीने पेटी, ढोलकी आणि टाळ्यांच्या साथीवर हीच रीत उचलली. दोन पार्ट्यांचे सामने लागू लागले, आणि रात्रभर प्रश्नोत्तरे चालू लागली. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे हे गाणारे अशाच मातीतून वर आले.

चौथा संस्कार बोलपटाचा. वामनदादांनी प्रचलित चाली घेतल्या म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत. त्यांस आम्ही विचारतो की, सुतार झाड लावीत बसतो काय? तो तयार लाकूड घेतो आणि त्याचे औत करतो. लोकांच्या तोंडी बसलेली चाल हे तयार लाकूड होय. चाल शिकविण्यात रात्र खर्ची पडत नाही. ऐकणारा पहिल्याच ओळीस डोलू लागतो, आणि तो डोलत असताना नवा विचार त्याच्या मनात शिरतो. शिवाय वामनदादांनी केवळ उसन्या चालींवर दिवस काढले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या चालीही लोकांनी उचलल्या.

या चार प्रवाहांचे पाणी एकत्र करून या माणसाने काय पिकविले? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धर्मांतर झाले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरास बाबासाहेब गेले. मागे राहिलेल्या लक्षावधी माणसांस नवा धर्म, नवा मार्ग समजावून सांगावयाचा होता. ग्रंथ होते, पण वाचणारे थोडे. ते काम गाण्याने केले. दीक्षा म्हणजे काय, संघटना कशास पाहिजे, पोरीस शाळेत का घालावयाचे, हे सर्व माउल्यांनी चुलीपुढे बसून गाण्यातून पाठ केले. त्याबरोबरच देशाच्या धनात, धनिकांच्या त्या मोठाल्या राशीत, राबणाऱ्याचा वाटा कोठे आहे, असा उघड सवालही वामनदादांनी विचारला. हा सवाल एका जातीचा नव्हता. उसाला भाव न मिळालेल्या कुणब्याचाही तोच, आणि यंत्राने धंदा बुडालेल्या कोष्ट्याचाही तोच.

परंतु येथेच आमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे भाग आहे. जलशाचे झाड एक, बुंधा एक. तरी आमच्या शेतकरी घरांनी फांद्यांची वाटणी करून घेतली. पवाडा आमचा, भीमगीत त्यांचे. भजन आमचे, कव्वाली त्यांची. चावडीपुढे बसून महार-मांग गाणाऱ्यास रात्रभर वाहवा द्यावयाची आणि त्यास तहान लागली की वरून ओंजळीत पाणी ओतावयाचे, अशी रीत आमच्याच वडीलधाऱ्यांनी चालविली होती. पाण्याची ती रीत कायद्याने गेली. पण कानाचा विटाळ अजून पुरता गेलेला नाही. आजही कित्येक गावांत वामनदादांचे गाणे एका वस्तीत वाजते आणि दुसऱ्या वस्तीत त्यांचे नावही ठाऊक नसते. सत्यशोधकांचा वारसा सांगणाऱ्यांनी सत्यशोधकी जलशाच्या सख्ख्या वारसास परका मानावे, याहून मोठी विसंगती कोणती? भटाने शिवविले नाही म्हणून ओरडावयाचे आणि आपण खालच्यास शिवू द्यावयाचे नाही, हा न्याय जोतीरावांचा नव्हे.

दुसरी गोष्ट पंडितांची. ते म्हणतात, ही कविता नव्हे, हा प्रचार आहे. ठीक. मग कीर्तनात होतो तो काय असतो? सत्यनारायणाच्या कथेत ऐकवितात ते काय असते? दक्षिणा दिल्याने नौका तरते असे सांगणे प्रचार नव्हे, आणि पोरास शाळेत घाल असे सांगणे मात्र प्रचार, हा काटा कोणत्या बाजारातला? वामनदादांचे 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले; 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मचरित्र निघाले; १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. तो मान त्यांस आपल्या माणसांनी दिला. पंडितांच्या पंगतीत पाट मिळतो की नाही याची वाट पाहात ते बसले नाहीत, हे चांगलेच झाले.

तिसरी गोष्ट अधिक जवळची आणि म्हणून अधिक कडू. वामनदादा आपल्या गीताच्या शेवटी आपले नाव गुंफीत. संतांची नाममुद्रा अभंगात असते तशीच ही. कारागीर भांड्यावर आपला ठसा उठवितो तशी ही. पण पुष्कळ गाणारे वेळ नाही म्हणून शेवटचे कडवेच गाळतात, आणि काही धीट मंडळी तर त्या जागी आपले नाव घालतात. दुसऱ्याने भरलेले औत आपले म्हणून बाजारात विकणाऱ्यास आपण काय म्हणतो? तोच शब्द येथेही लागू आहे. आणि जयंत्यांचे म्हणाल तर, भाड्याच्या भोंग्यांची भिंत आणून छाती धडधडेपर्यंत आवाज करण्यास वर्गणी निघते. परंतु ज्याने चाळीस वर्षे त्याच चौकात गळा फोडला त्या गावच्या म्हाताऱ्या गाणाऱ्याच्या औषधास वर्गणी निघत नाही. भोंग्याच्या भिंतीतून शब्द ऐकू येत नाहीत; आणि जेथे शब्द ऐकू येत नाहीत तेथे शाहीर असून नसून सारखाच.

आता कोणी म्हणेल, दादा गेले. आता देणे फेडावयाचे ते कसे? आमचे उत्तर असे की, गाणाऱ्याचे देणे हे विहिरीच्या देण्यासारखे असते. विहीर खोदणारा गेला तरी गाळ काढण्याचे काम पाणी भरणाऱ्यांवरच येते. ते काम असे आहे.

पहिले काम लिहून ठेवण्याचे. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत कोणी गाणारा, कोणी ओव्या म्हणणारी आजी असेल. तिच्यापाशी बसा, नातवंडाच्या हातात वही द्या. गाण्याचे शब्द, चाल कोणती, कोणाकडून शिकले, गाव कोणते, तारीख कोणती, आणि रचणाऱ्याचे नाव, एवढे लिहा. आता तर प्रत्येक घरात आवाज टिपून घेणारा मोबाइल आहे. त्यात नाचगाणे साठविता, तसा आजीचा आवाजही साठवा. हे काम होण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या दोघा अभ्यासकांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या म्हणणाऱ्या बायांची व गावांची नावे जपून ठेविली. परमुलखातून आलेला माणूस आमच्या मायबहिणींच्या ओव्या लिहून घेतो, आणि आम्ही आमच्या घरातल्या म्हातारीस 'गप बस' म्हणतो, याचा विचार व्हावा.

दुसरे काम नाव घेण्याचे. ज्याचे गाणे त्याचे नाव आधी, मग गाणे. गाणाऱ्याने नाव घेतले नाही तर ऐकणाऱ्याने उठून विचारावे. शेवटचे कडवे म्हटल्याशिवाय गाणे संपले असे मानू नये.

तिसरे काम मोबदल्याचे. गाणाऱ्यास बोलवाल तर बिदागी आधी ठरवा, गाडीभाडे द्या, जेवू घाला. आणि ते जेवण आपल्या ओसरीवर, आपल्या पंगतीत द्या. वृद्ध साहित्यिक व कलावंतांस मानधन देण्याची सरकारची योजना आहे. पण ज्यास सही करणे जड जाते, तो कागद कोठून जुळविणार? गावातल्या शिकलेल्या तरुणाने एका म्हाताऱ्या कलावंताचा अर्ज भरून दिला, तर त्याची शाळा फुकट गेली नाही असे आम्ही म्हणू.

चौथे काम कान उघडे ठेवण्याचे. कुणब्याने भीमगीत ऐकावे, बौद्ध तरुणाने सत्यशोधकांचा जलसा ऐकावा, दोघांनी मिळून मुसलमान शेजाऱ्याची कव्वाली ऐकावी. ज्या गाण्यात एवढ्या जणांचे लाकूड, कातडे, तार आणि श्वास लागला आहे, ते एका वस्तीत कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.

शेतकरी आणि कारागीर बंधूंनो, माय-भगिनींनो, देशवंडीच्या त्या पोराने दुकानाच्या पाट्या वाचून अक्षर मिळविले आणि ते गाण्यात घालून तुमच्या दारी आणून दिले. त्याने त्याचे काम चोख केले आहे. आता खळे तुमचे आहे आणि मापही तुमच्याच हातात आहे. ते भरून काढा. निदान या सुगीपासून तरी.